समागमातली डोकेदुखी: लाजू नका, सांगा

डोकं दुखायला लागल्यापासून असह्य होईपर्यंत किती वेळ गेला? डोकेदुखीच्या रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत हा फार मोलाचा. कळ एका मिनिटाच्या आत टोकाला गेली असेल, तर डॉक्टर सावध होतात. अशी कळ वजन उचलताना, जोरात धावताना, शौचाला कुंथताना उठते, तशीच समागमाच्या परमोच्च क्षणीही उठते. मात्र हे शेवटचं कारण सांगताना जीभ अडखळते. 'झोपेत दुखायला लागलं' असं सांगून लोक मोकळे होतात आणि निदानाचा धागा डॉक्टरांच्या हातून निसटतो.

ऑस्ट्रेलियातले मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी 1976 मध्ये अशा 21 रुग्णांची हकिकत मांडली. काहींचं डोकं उत्तेजनेबरोबर हळूहळू जड होत जाई. मान आणि जबडा आवळलेला असे. इतरांना नेमक्या त्या क्षणी घणाचा घाव बसावा तशी कळ येई. बहुतेकांच्या मेंदूत पुढेही काही दोष आढळला नाही. हा त्रास पुरुषांना जास्त होतो. श्वास रोखून जोर लावल्याने छातीतला दाब वाढतो, मेंदूतून परतणारं रक्त तुंबतं, रक्तदाबही झपाट्याने चढतो. कारण बहुधा यातच कुठेतरी असावं.

पण 'बहुतेकांच्या' या शब्दावर पहिल्याच वेळी विसंबू नये. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला, तरी सुरुवात हुबेहूब अशीच होते. नेदरलँड्समध्ये असा फुगा फुटलेल्या 250 रुग्णांना त्याआधी काय चाललं होतं हे विचारलं गेलं. 2011 च्या त्या अभ्यासात जोराचा व्यायाम, कुंथणं, नाक शिंकरणं, राग, दचकणं आणि समागम ही सगळी निमित्तं सापडली. फुटलेल्या फुग्यातून पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो. म्हणून सकाळची वाट न पाहता, घरातली गोळी घेऊन न झोपता, त्याच रात्री रुग्णालय गाठावं. पहिल्या सहा तासांतला सीटी स्कॅन रक्तस्राव सहसा चुकवत नाही; उशीर झाला तर पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासावं लागतं.

काही दिवसांच्या अंतराने अशी कळ पुन्हा पुन्हा आली, तर मेंदूच्या धमन्या तात्पुरत्या आकसत असण्याची शक्यता असते. सर्दीच्या काही गोळ्या आणि गांजा त्याला निमित्त होतात, त्यामुळे काय घेतलं तेही सांगायला हवं. पन्नाशीनंतर जिना चढताना डोकं दुखू लागलं आणि थांबताच उतरलं, तर हृदयाची तपासणी करावी. क्वचित हृदयाच्या दुखण्याची कळ डोक्यात उठते.

सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या, तर उपाय आहेत. इंडोमेथासिन समागमाआधी घेतल्याने किंवा प्रोप्रॅनोलॉल नियमित घेतल्याने अनेकांची कळ टळते. पण पोटात व्रण किंवा दमा असलेल्यांना ही औषधं त्रासाची ठरतात, तेव्हा ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत आपोआप थांबतो. डॉक्टरांच्या भेटीला जोडीदारालाही सोबत न्यावं. आपल्यामुळे हे झालं, या धास्तीने कित्येक जोडपी तोवर एकमेकांपासून दूर झालेली असतात.