पोवळ्याची पंगत

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईचा समुद्र गाठायचा तर रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर. पण सराफ्यात डोकावलात, तर समुद्राचा एक तांबडा तुकडा डबीत बसलेला सापडतो. मंगळासाठी अनामिकेत घालतात ते पोवळं! आपण त्याला खडा म्हणतो, पण तो आहे सांगाडा. तो बांधणारे इवलेसे पॉलिप जेवतात कसे, ते पाहा.

आठ हात, एक तोंड: भूमध्य समुद्रातल्या तांबड्या पोवळ्यावर पांढरे पॉलिप फुलतात. प्रत्येकाच्या तोंडाभोवती पिसांसारखी आठ शुंडकं. भक्ष्यामागे धावायची सोय नाही. प्रवाह जे आणेल ते हात पसरून धरायचं.

नेम चुकत नाही: शुंडकांवरच्या दंशपेशीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेला पोकळ धागा. स्पर्श झाला की सुटलाच! पोवळ्याच्या गोड्या पाण्यातल्या नातेवाइकात, म्हणजे हायड्रात, कुपीतला काटा 700 नॅनोसेकंदांत बाहेर पडताना मोजला गेलाय. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ. कुपी मात्र एकदाच चालते. पुढच्या शिकारीला नवी.

दिवसा घरचं, रात्री बाहेरचं: उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. दिवसा ते उन्हावर अन्न शिजवतं आणि घरमालकाला वाढतं. प्रवाळाची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा त्यातूनच येते. अंधार पडला की बरेच प्रवाळ शुंडकं पसरून तरंगते जीव पकडतात. अंगठीतल्या तांबड्या पोवळ्याकडे मात्र हा भाडेकरू नाही. पकडेल तेवढंच पोटात!

आतडीच बाहेर: घास मोठा असेल, तर काही प्रवाळ पोटातले पाचक धागे बाहेर काढून त्याच्यावर टाकतात. जेवण बाहेरच पचतं.

एकत्र कुटुंब: वसाहतीतले पॉलिप आतून जोडलेले. एकाने खाल्लं की शेजाऱ्यालाही पोहोचतं. खरकटं टाकायला वेगळी वाट नाही; आलेल्या तोंडानेच बाहेर.

आपल्या किनाऱ्यावर: जिवंत प्रवाळ पाहायला मालवण गाठा. तिथलं सागरी अभयारण्य 1987 चं. विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक हे प्रवाळांचं पठार आहे. नाव अर्थात कान्होजी आंग्र्यांचं.

आणि घरातही: शाळेच्या पुस्तकातला हायड्रा कधीकधी पाणवनस्पतीला चिकटून थेट आपल्या माशांच्या टाकीत येतो. जेमतेम सेंटिमीटरभर धागा. पाणपिसू शुंडकाला लागली की झटका देते, लुळी पडते. तिच्या जखमेतून ग्लुटाथायोन नावाचं रसायन पाझरतं आणि त्याची चाहूल लागताच हायड्रा तोंड वासतो. थोड्या वेळात सडपातळ धाग्याला गरगरीत पोट!

तेव्हा टाकीच्या काचेवर असा पांढरट धागा दिसला, तर पुसण्याआधी भिंग लावा. बोटातल्या पोवळ्याचा चुलतभाऊ जेवत असेल.