कुत्र्याला गोंजारल्यावर शरीरात काय घडतं?

परीक्षेच्या धास्तीत कुत्र्याला कुरवाळलं की बरं वाटतं, हे कुणीही सांगेल. पण शरीरात खरोखर काही बदलतं का? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात पॅट्रिशिया पेंड्री यांनी तेच तपासलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २४९ विद्यार्थी होते. कोण कुठल्या गटात, हे नशिबावर सोडलेलं. एका गटानं दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना मनसोक्त गोंजारलं. दुसरा रांगेत उभं राहून ते नुसतं पाहत होता. तिसऱ्याला त्याच प्राण्यांची छायाचित्रं दाखवली, चौथा ताटकळत बसला.

मग लाळ तपासली. ताण आला की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल हे संप्रेरक सोडतात. लाळेत त्याचा चढउतार जरा उशिरा उमटतो, म्हणून नमुने थांबून घ्यावे लागतात. शिवाय कॉर्टिसोल सकाळी चढं असतं आणि पुढे उतरत जातं; त्यामुळे उठल्याउठल्याचे नमुनेही घेतले होते. प्रत्यक्ष गोंजारणाऱ्यांचं कॉर्टिसोल इतरांपेक्षा कमी भरलं.

मला यातला रांगेतला गट सर्वांत मोलाचा वाटतो. पाहणं आणि स्पर्श यांतला फरक त्याच्यामुळेच दिसला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासातही स्पर्शाचं पारडं जड ठरलं.

अर्थात, नैराश्यावर हा उपचार नव्हे. तिथे समुपदेशकच हवा. आणि कुत्राही दमतो. तो वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, तर गोंजारायला आलेल्यांची रांग कितीही लांब असो, त्याला घरी न्यायलाच हवं.