मुद्दाम वादळात

वैमानिक एरवी गडगडाटी ढगाला वळसा घालतात. १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मात्र ढग कितीही अक्राळविक्राळ दिसो, टाळायचा नाही, असा दंडक होता. विल्मिंग्टन या शेतीच्या मुलखातल्या गावाजवळच्या लष्करी तळावरून गडगडाटी ढगांच्या अभ्यासासाठी ‘ब्लॅक विडो’ विमानं उडत. ही महायुद्धातली रात्रीची लढाऊ विमानं. रडार असल्याने या कामी आली. एकाच ढगात पाच विमानं, ५,००० पासून २५,००० फुटांपर्यंत एकावर एक! खाली जमिनीवर पाऊस-वारा मोजणारी केंद्रं. आदल्या वर्षी हेच फ्लोरिडात झालं होतं. ढगातून एकूण १,३०० हून अधिक फेऱ्या झाल्या. गडगडाटी ढगाच्या वाढ, ऐन भर आणि ओसर या तीन अवस्था हवामानशास्त्रज्ञ होरेस बायर्स व रॉस्को ब्रॅहम यांनी मांडल्या त्या याच नोंदींवरून.