शंभर पाहुण्यांसाठी फळांचे सरबत : चवीइतकाच पाण्याचा आणि बर्फाचा हिशेब महत्त्वाचा

चैत्र महिना सुरू झाला की जबलपूरमधील मराठी घरांतून चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाची लगबग सुरू होते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत सोयीच्या एखाद्या दिवशी हा समारंभ केला जातो. आंब्याची डाळ, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि थंडगार पन्हे यांनी पाहुण्यांचे स्वागत होते. दहा-पंधरा जणींसाठी पन्हे करणे ही घरातील नित्याची गोष्ट आहे. मात्र पाहुण्यांची संख्या शंभरावर गेली की अंदाजाने केलेले सरबत एक तर पाणचट होते किंवा मध्येच संपते. याहून गंभीर बाब म्हणजे अशुद्ध पाणी किंवा बर्फ वापरला गेल्यास एकाच भांड्यातून अनेक कुटुंबांत आजार पोहोचू शकतो. त्यामुळे मोठ्या समारंभाचे सरबत हा जसा पाककृतीचा, तसाच मोजमापाचा आणि आरोग्याचाही विषय ठरतो.

पन्हे आणि पना

नर्मदेच्या काठी वसलेल्या जबलपूरशी मराठी भाषकांचा संबंध जुना आहे. १७८१ मध्ये मराठ्यांनी या प्रदेशातील आपले ठाणे जबलपूर येथे केले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढे १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारे लोहमार्ग जबलपूर येथे एकत्र आले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, तर १९५६ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालय या शहरात आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या जुन्या प्रांतात जबलपूर आणि नागपूर ही शहरे एकाच कारभाराखाली होती. साहजिकच नोकरी, वकिली आणि शिक्षणाच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली.

या सहवासाची खूण उन्हाळी पेयांतही दिसते. मराठी पन्ह्यासाठी कैरी उकडतात आणि तिच्या गरात गूळ किंवा साखर, वेलदोडा आणि केशर घालतात. हिंदी भाषक शेजारी ज्याला 'पना' म्हणतात, त्यासाठी कैरी अनेकदा विस्तवावर भाजली जाते. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, पुदिना आणि काळे मीठ पडते. मे महिन्यात येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हाच्या झळांवर उतारा म्हणून पना घरोघरी घेतला जातो. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृतमधील 'पानक' या एकाच शब्दात आहे.

'पंच' आणि पाच घटक

समारंभात मोठ्या भांड्यातून दिल्या जाणाऱ्या मिश्र फळांच्या पेयाला आता सर्रास 'पंच' म्हटले जाते. इंग्रजी लिखाणात हा शब्द १६३२ पासून आढळतो. हिंदुस्थानात आलेल्या खलाशांनी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तो इंग्लंडमध्ये नेला. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच घटकांवरून हे नाव पडले, अशी नोंद जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आहे. काही अभ्यासकांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. 'सरबत' हा शब्द मात्र पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून निघून फारसीमार्गे मराठीत आला, याबद्दल वाद नाही.

हळदीकुंकवाच्या सरबतात अर्थातच मद्याला स्थान नाही. परंतु पाच भागांची जुनी कल्पना मोजमाप लक्षात ठेवण्यास आजही उपयोगी पडते.

शंभर जणांचे माप

उन्हाळ्यात प्रत्येक पाहुण्यामागे दीड पेला सरबत धरावे. २०० मिलिलिटरचा पेला धरल्यास शंभर जणांसाठी १५० पेले, म्हणजे ३० लिटर सरबत लागते. त्याचे पाच समान भाग करावेत. एक भाग कैरीचा अर्क, एक भाग संत्र्याचा रस, दोन भाग पाणी आणि एक भाग बर्फ. ३० लिटरच्या हिशेबाने अर्क ६ लिटर, रस ६ लिटर, पाणी १२ लिटर आणि बर्फ ६ किलो होतो.

अर्कासाठी ४ किलो कैऱ्या घ्याव्यात. त्या धुऊन, उकडून, साल आणि कोय काढल्यावर सुमारे सव्वादोन किलो गर मिळतो. ३ किलो साखर दीड लिटर पाण्यात उकळून पाक करावा आणि गाळून घ्यावा. गर, पाक आणि सुमारे २० लिंबांचा रस एकत्र केल्यावर ६ लिटरच्या आसपास अर्क तयार होतो. साखरेऐवजी गूळ घातल्यास रंग गडद होतो आणि संत्र्याची चव काहीशी झाकली जाते.

चैत्रात नागपुरी संत्र्यांच्या मृग बहराचा हंगाम संपत आलेला असतो, तरी बाजारात फळ मिळते. ६ लिटर रसासाठी १४ ते १५ किलो संत्री लागतात. हा रस आदल्या दिवशी काढून ठेवू नये. नागपुरी संत्र्याचा रस काही वेळ राहिला की कडवट होऊ लागतो. संत्र्याच्या बियांत आणि पडद्यांत असलेल्या घटकामुळे हा कडवटपणा येतो. म्हणूनच बियांसह फोडी मिक्सरमधून फिरवू नयेत. रस हलक्या हाताने पिळून लगेच गाळावा आणि वापरेपर्यंत शीतकपाटात ठेवावा.

मसाल्यासाठी ३० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम काळे मीठ, ३० ग्रॅम भाजलेल्या जिऱ्याची पूड, १०० ग्रॅम आल्याचा रस आणि पुदिन्याच्या दोन जुड्या हे प्रमाण साधारणपणे पुरते. पाहुणे वाढले तर फळे, साखर आणि पाणी त्याच पटीत वाढवावे. मीठ, आले आणि जिरे मात्र आधी दोन-तृतीयांश घालून चव पाहावी व मगच उरलेले घालावे. द्राक्षे किंवा कलिंगडाचे बारीक तुकडे ऐनवेळी पेल्यात घालता येतात.

बर्फ हे पाणीच

सरबत पाणचट होण्याचे मुख्य कारण म्हणजे बर्फ हिशेबात न धरणे. विरघळलेला प्रत्येक किलो बर्फ सरबतात एक लिटर पाणी वाढवतो. २४ लिटर मिश्रण २५ अंश सेल्सिअसवर असेल, तर ६ किलो बर्फ पूर्ण विरघळल्यावर ते ढोबळमानाने ४ अंशांपर्यंत उतरते. तेच मिश्रण ३५ अंशांवर असेल, तर तेवढाच गारवा आणण्यासाठी सुमारे ९ किलो बर्फ लागतो. म्हणजेच तीन लिटर जादा पाणी सरबतात जाते.

यावरील उपाय सोपा आहे. अर्क आदल्या रात्री शीतकपाटात ठेवावा आणि पाणी माठात गार करावे. माठाच्या सच्छिद्र भिंतींतून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते. जबलपूर किंवा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम साधतो. कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद होत असल्याने तेथे माठावर तितके विसंबता येत नाही.

बर्फाचे लहान तुकडे भराभर विरघळतात, मोठी लादी सावकाश विरघळते. समारंभ दोन-तीन तास चालणार असेल, तर स्वच्छ स्टीलच्या डब्यात घरीच जमवलेले किलो-किलोचे मोठे गोळे अधिक उपयुक्त ठरतात.

थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो, हेही ध्यानात घ्यावे. बर्फ घालण्यापूर्वी सरबत किंचित जास्त गोड आणि दाट लागले पाहिजे. त्याची परीक्षा करण्यासाठी चार वाट्या मिश्रणात एक वाटी गार पाणी घालून चाखावे. बर्फ विरघळल्यानंतरची चव बहुतांशी तशीच असते.

धोका कुठे असतो ?

कैरी उकडली जाते, पाक उकळला जातो. त्यामुळे या दोन घटकांतून आजार पसरण्याचा संभव कमी असतो. खरा धोका न उकळलेले पाणी, बाजारातील बर्फ, हाताने पिळलेला रस आणि कापून ठेवलेली फळे यांत असतो. विषमज्वर, जुलाब तसेच 'अ' आणि 'इ' प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून पसरते. गोठवल्याने सर्व रोगजंतू मरत नाहीत आणि सरबताचा आंबटपणाही त्यांचा नाश करण्यास पुरेसा नसतो.

'अ' प्रकारच्या काविळीची लक्षणे संसर्गानंतर सरासरी चार आठवड्यांनी दिसतात. महिन्याभराने घरात कोणी आजारी पडले, तर त्याचा संबंध कोणीही हळदीकुंकवाच्या पेल्याशी जोडत नाही. यजमानांच्या कानावरही ती गोष्ट जात नाही. म्हणूनच 'आमच्याकडे आजवर कोणाला काही झाले नाही' हा अनुभव पुरेसा आधार मानता येत नाही.

बाजारातील सर्वच बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. मासळी आणि अन्य नाशवंत माल टिकवण्यासाठी तयार होणाऱ्या बर्फाला पिण्यायोग्य पाणी वापरलेले असेलच असे नाही. दोन्ही प्रकार ओळखता यावेत म्हणून अशा बर्फात निळा रंग मिसळावा, असा निर्देश भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला. तरीही केवळ पांढरा दिसतो म्हणून बर्फ शुद्ध असल्याचे गृहीत धरणे योग्य नाही.

घरी पुरेसा बर्फ होत नसेल, तर विकत आणलेली लादी सरबतात न घालता भांड्याबाहेर वापरावी. मोठ्या घंगाळात किंवा टबात बर्फ फोडून त्यावर जाडे मीठ पसरावे आणि झाकण लावलेले सरबताचे पातेले त्यात ठेवावे. मिठामुळे बर्फाचे तापमान शून्याखाली उतरते आणि सरबत लवकर गार होते. या पद्धतीत बर्फाचा भाग सरबतात उतरत नाही. त्यामुळे ६ लिटर उकळून गार केलेले पाणी वेगळे घालणे आवश्यक असते.

पाणी, भांडी आणि वेळापत्रक

पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ते तसेच उकळू द्यावे आणि झाकूनच गार करावे. माठ आतून घासून घ्यावा, पाणी काढण्यासाठी दांड्याचे ओगराळे वापरावे, पाण्यात हात बुडवू नये.

आंबट पदार्थ तांब्याच्या, पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवल्यास धातूचा अंश त्यात उतरतो. पूर्वी अशा भांड्यांना नियमितपणे कल्हई केली जात असे. कल्हई उडालेले पितळी पातेले कितीही शोभिवंत असले तरी सरबतासाठी वापरू नये. स्टील किंवा काच हाच योग्य पर्याय होय.

कामाची विभागणी पुढीलप्रमाणे करता येते. आदल्या दिवशी पाणी उकळणे, अर्क करणे आणि बर्फ लावणे. समारंभाच्या दिवशी पाहुणे येण्यापूर्वी दोन तास संत्र्यांचा रस काढणे. अर्धा तास आधी अर्क, रस, पाणी आणि मसाला एकत्र करणे. बर्फ शेवटी. सर्व ३० लिटर एकदम मिसळण्याऐवजी १० लिटरचे तीन घाणे केल्यास प्रत्येक पाहुण्याला सारख्या चवीचे सरबत मिळते आणि उरलेला अर्क वाया जात नाही. कापलेली फळे आणि तयार सरबत कडक उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये.

अलीकडे सरबताच्या भांड्यात आइसक्रीमचे गोळे सोडले जातात. कैरी आणि लिंबाच्या आम्लामुळे त्यातील दूध फाटून कण तरंगू लागतात. हौस असल्यास आइसक्रीम ऐनवेळी पेल्यात घालून लगेच द्यावे.

गोडाचे भान

वर दिलेल्या प्रमाणात एका पेल्यात सुमारे २३ ग्रॅम साखर उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार फळांच्या रसातील साखरेसह अशी साखर प्रौढांनी दिवसाला सुमारे ५० ग्रॅमपेक्षा कमी घ्यावी आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. यावरून एका पेल्याचे महत्त्व ध्यानात येते. मधुमेह असलेल्या पाहुण्यांसाठी कैरीचा गर, पुदिना, जिरे आणि मीठ घालून बिनसाखरेचा पना वेगळा करून ठेवावा. त्या भांड्यावर तशी चिठ्ठी लावली, तर कोणालाही चारचौघांत विचारण्याचा संकोच वाटत नाही.

चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला आमंत्रण नेहमी मोजून दिले जात नाही. शेजारीण येताना सुनेला आणते, माहेरवाशीण नातींना घेऊन येते आणि कोणालाही रिकाम्या हाती परत पाठवले जात नाही. अशा प्रसंगी दोन लिटर अर्क, त्याला पुरेल इतका रस आणि उकळलेले पाणी राखून ठेवणारी गृहिणी निश्चिंत असते. पाहुणे वाढले म्हणून नळाचे पाणी थेट पातेल्यात ओतण्याची वेळ तिच्यावर येत नाही.