कलाशाखेची पदवी आणि व्यापाऱ्याचे घर

बारावीचा निकाल लागला की व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलीला उत्तम गुण आहेत, वाणिज्य शाखेत सहज प्रवेश मिळेल, पुढे सी.ए. होता येईल, आणि ती मात्र इतिहास किंवा तत्त्वज्ञान घ्यायचे म्हणते. ‘बी.ए. होऊन पुढे काय?’ असे वडील विचारतात. या प्रश्नात संकुचितपणा नाही. भांडवल घालण्यापूर्वी परतावा विचारावा, हे पेढीवरच शिकलेले असते.

या प्रश्नाचे एक उत्तर १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बाहेर पडले. महुव्याच्या व्यापारी घराण्यातील वीरचंद राघवजी गांधी त्या वर्षी बी.ए. झाले. वय अवघे वीस. पुढील सतरा वर्षांत त्यांनी जे केले, त्यातील फारसे काही पदवीच्या कागदावर लिहिलेले नव्हते.

१८८५ मध्ये ते ‘जैन असोसिएशन ऑफ इंडिया’चे मानद चिटणीस झाले. पालिताणा संस्थान यात्रेकरूंकडून कर वसूल करीत असे. तो वाद इंग्रज अधिकाऱ्यांपुढे मांडून १८८६ साली तडजोड घडवण्यात वीरचंदांचा वाटा मोठा होता : माणशी कर बंद आणि त्याऐवजी संस्थानाला वर्षाकाठी ठरावीक १५,००० रुपये. या तडजोडीतील खुबी व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

सम्मेतशिखरचे प्रकरण अधिक बिकट होते. त्या पवित्र पहाडावर एका इंग्रजाने डुकराच्या चरबीचा कारखाना काढला होता आणि खालच्या न्यायालयात निकाल विरुद्ध गेला होता. वीरचंद कलकत्त्याला गेले, तेथे काही महिने राहिले आणि कागदपत्रे स्वतः वाचता यावीत म्हणून बंगाली शिकले. अखेर कारखाना बंद झाला. दुभाष्यावर विसंबून न राहता मूळ कागद वाचण्याची ही सवय, कलाशाखेच्या शिक्षणाचा खरा लाभ म्हणावा तो हाच.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आले. साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य. म्हणून आचार्यांच्या हाताखाली तयारी करून वीरचंद गेले. परिषदेनंतरही ते अमेरिकेत व इंग्लंडमध्ये व्याख्याने देत राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांच्या खटपटीने अमेरिकेतून धान्याचे एक जहाज भारताकडे निघाले. सागर ओलांडला म्हणून त्यांना संघाबाहेर काढावे, अशी मागणी मायदेशी काहींनी केली होती, हेही नोंदवलेच पाहिजे. १९०१ च्या ७ ऑगस्टला, सदतिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

हे सारे द्रव्यार्जनाचे मार्ग नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. आज खासगी ‘लिबरल आर्ट्स’ विद्यापीठांचे शुल्क पाहता वडिलांचा प्रश्न अधिकच रास्त ठरतो. तेथे मुलीकडून वर्षभरात किती लिहून घेतात, लिहिलेले कोण तपासतो, एखादी नवी भाषा मुळापासून शिकवतात की नाही, एवढी चौकशी प्रवेशापूर्वी अवश्य करावी. इमारत आणि माहितीपुस्तिका पाहून हे कळत नाही.

मात्र व्यापाऱ्याने या विद्येत पैसा घालावा, ही कल्पना नवी नाही. सुरतेत जन्मलेले, मुंबईच्या कापूस बाजारातील प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि मातुःश्रींच्या नावे राजाबाई टॉवर उभारण्यासाठी आणखी दोन लाख. कापसाचा भाव कोसळून १८६५ साली त्यांची पेढी बुडाली. तरीही पुढच्याच वर्षी त्यांच्या २ लाखांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात एक शिष्यवृत्ती निघाली. १८९७ साली ती इंग्रजी साहित्याचे एम.ए. असलेल्या एका तरुण प्राध्यापकाला मिळाली. त्यांचे नाव जदुनाथ सरकार. याच सरकारांनी पुढे फार्सी व मराठी साधने धुंडाळून १९१९ मध्ये शिवाजी महाराजांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.