समेच्या आधीची जागा

मे महिन्यात विशेष शाळेला सुट्टी लागते आणि घराची परीक्षा सुरू होते. स्वमग्न मुलाचा दिवस ठरलेल्या वेळांवर उभा असतो. रिक्षा, डबा, बाईंचा आवाज, सारंच एका सकाळी थांबतं. का थांबलं, ते त्याला कुणी समजावून सांगू शकत नाही. कळव्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, लोकलच्या खडखडाटात आणि उकाड्यात, आई आणि लेकरू दोघंही थकतात. म्हणून अशा विशेष मुलांच्या संगीत-कला शिबिराला मी चैन मानत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या २९व्या कलमात नृत्य, कलावर्ग आणि शिबिरं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ती जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थांची आहे.

अशा शिबिरातलं खरं कसब गाण्यात कमी, थांबण्यात जास्त असतं. ओळ म्हणायची, शेवटचा शब्द सोडायचा, ढोलकीवरचा हात उचलायचा आणि मुलाकडे बघत राहायचं. केरव्याच्या आठ मात्रा फिरून फिरून कानात बसल्या, की समेची ओढ आपोआप लागते. बोलता न येणाऱ्या मुलालाही. त्या मोकळ्या जागेत कुणी हुंकार टाकतं, कुणी मांडीवर थाप मारतं, कुणी नुसतं वर बघतं. बघणं हेही उत्तरच. पण आपल्याला धीर नसतो. ‘म्हण ना, म्हण!’ असं म्हणत आपणच तो शब्द उच्चारून टाकतो आणि मुलाची पाळी हिरावून घेतो.

ब्रिटनमध्ये १९५९च्या सुमारास अमेरिकी संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी याच दिशेने काम सुरू केलं. मूल रडत-किंचाळत असलं, तर त्याला गप्प न करता पियानोवर त्याच पट्टीत साथ द्यायची. रडण्यालाही सूर असतो, आणि तो कुणीतरी ऐकलाय हे मुलाला कळतं.

कळव्याला यासाठी परक्या चाली आणायला नकोत. खारेगाव-विटाव्याच्या आगरी-कोळी घरांत लग्नातले धवले मुलांच्या कानावरून गेलेले असतात. हळदीच्या स्पीकरला घाबरून कान झाकणारं मूल तीच चाल हळू आवाजात ऐकताना डोलू शकतं. मात्र खोलीत एक शांत कोपरा हवाच, तिथे जायला परवानगी लागू नये. मेंदूच्या पक्षाघाताने मूठ वळत नसेल, तर वाजवायच्या काठीला जाड कापड गुंडाळावं किंवा मनगटाला घुंगरू बांधावेत. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ढोल छातीशी धरू द्यावा. नामवंत तालवादक एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली होती. त्या अनवाणी वाजवतात, कंपनं पायांतून घेतात.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी स्टेज, मेकअप, टाळ्या हे सगळं टाळलेलंच बरं, असं माझं ठाम मत आहे. पंधरा दिवसांत रुजलेला विश्वास दोन तासांच्या झगमगाटात उधळतो.

त्याऐवजी रोज शिबिर सुटताना म्हटलेलं निरोपाचं गाणं आईच्या मोबाइलवर रेकॉर्ड करून द्यावं, शेवटच्या शब्दाची जागा मोकळी ठेवून. घरी रोज त्याच वेळी ते लावायचं. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत तेवढा एक ठरलेला क्षण मुलाच्या दिवसात असेल.