वाटेकरी वैऱ्यांची प्रेमकथा



इंग्रजी कादंबरीची एक फार लोकप्रिय जात आहे. तिला ‘रीजन्सी रोमान्स’ म्हणतात. तिच्यातले एक ठरलेले कथानक असे. कोणी श्रीमंत आजोबा किंवा आत्याबाई मरतात आणि मृत्युपत्राने आपला वाडा व जमीन दोन वारसांच्या नावे समाईक ठेवून जातात. एक तरुण, एक तरुणी, आणि दोघांचे आधीपासून हाडवैर. दोघांनी एका छपराखाली राहून कारभार पाहिला तर वारसा मिळायचा, नाही तर दोघेही मुकायचे, अशी अट. पहिल्या प्रकरणात दोघे भांडतात, शेवटच्या प्रकरणात लग्न करतात.

मजूर चळवळीत वावरणाऱ्या माणसाने व्याख्यानाला हा विषय का घ्यावा, असे कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष एका टेबलाशी कसे बसतात आणि उठताना एकमेकांविषयी काय मत घेऊन उठतात, हे पाहणे हाच माझा धंदा आहे. शिवाय समाईक वारसा म्हणजे काय, हे आपल्या हातखंब्याच्या पंचक्रोशीत कोणाला शिकवावे लागत नाही. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, घराला कुलूप, कौले उतरलेली, आणि कलमांचा आंबा कोणी काढायचा यावरून भाऊबंदकी, हे चित्र आपल्या पाहण्यातले आहे. तेव्हा मी एकच प्रश्न घेतो : वाटेकऱ्यांच्या वैराचे प्रेमात रूपांतर होते, ते कशामुळे?

आधी काळ समजून घेऊ. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनाने खचल्यामुळे 1811 साली त्याच्या मुलाला राजप्रतिनिधी, म्हणजे ‘रीजंट’ नेमले गेले. 1820 साली तो स्वतः राजा झाला. या नऊ वर्षांना रीजन्सी म्हणतात. आपल्याकडे याच काळात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई बुडाली आणि 1818 साली इंग्रजी अंमल पक्का झाला. म्हणजे आपण ज्यांचे कायदे पुढे सोसले, त्यांच्याच घरांतल्या या गोष्टी आहेत.

त्या घरांत स्त्रीचा हक्क किती होता? अविवाहित प्रौढ स्त्रीला मालमत्ता बाळगता येई. पण लग्न लागले, की तिचे पैसे, दागिने, जंगम वस्तू नवऱ्याच्या होत. जमीन तिच्या नावची असली तरी तिचे उत्पन्न आणि ताबा त्याच्या हाती जाई. श्रीमंत बाप वकील लावून मुलीसाठी वेगळी व्यवस्था करून ठेवीत, बाकीच्या मुलींचे दैव. ही स्थिती बदलण्याला 1870 आणि 1882 सालचे कायदे यावे लागले. दुसरी तऱ्हा अशी, की पुष्कळ जमिनी पूर्वजांनी पुरुष वारसांपुरत्याच बांधून ठेवलेल्या असत. घरात पाच मुली असल्या तरी जमीन कोठल्या तरी लांबच्या चुलतभावाकडे जायची.

याच पेचावर जेन ऑस्टेन या लेखिकेने 1813 साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. बेनेट कुटुंबाच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला 2,000 पौंड, पण मुली पाच. जमिनीचा भावी वारस कॉलिन्स नावाचा एक पाद्री. तो घरी येतो आणि मोठ्या उदारपणाचा आव आणून दुसरी मुलगी एलिझाबेथ हिला मागणी घालतो. तुमचे घर माझ्याकडे येणार, तेव्हा तुमच्यापैकी एकीशी लग्न करून मी भरपाई करतो, असा त्याचा हिशेब. तिच्या वाट्याला 1,000 पौंडांपलीकडे काही येणार नाही, तेव्हा दुसरे स्थळ मिळणे कठीण, हेही तो तिला ऐकवतो. एलिझाबेथ नाही म्हणते.

व्यवहारी माणसाला हा नकार वेडेपणाचा वाटेल. घर राहिले असते, आईबहिणींची सोय झाली असती. पण तिने ओळखले, की ही तडजोड नव्हे, ही शरणागती आहे. एका पक्षाच्या हाती सर्व कागद आणि दुसऱ्याच्या हाती केवळ सहीची लेखणी, अशा स्थितीत झालेल्या कराराला आमच्या चळवळीत करार म्हणत नाहीत.

पुढे तिचे ज्याच्याशी जुळते तो डार्सी. त्याचे उत्पन्न वर्षाला 10,000 पौंड. तोही पहिली मागणी घालतो ती तिच्या घराण्याचा कमीपणा सांगत, आणि तिलाही ती तडकाफडकी नकार देते. तिचे मन पालटू लागते ते दोन गोष्टींनी. एक, तो तिच्या आरोपांना पत्राने मुद्देसूद उत्तर देतो. दुसरी, त्याचा वाडा पाहायला ती जाते तेव्हा तिथली कारभारीण बाई धनी कसा आहे ते सांगते. ही जागा मला या कादंबरीतली फार मोलाची वाटते. धन्याची परीक्षा त्याच्या बैठकीत होत नाही, त्याच्या घरी राबणाऱ्याच्या तोंडून होते. नंतर डार्सी तिच्या धाकट्या बहिणीची अब्रू गुपचूप वाचवतो आणि त्याचे मोल मागत नाही. मागता आले असते आणि मागितले नाही, इथे वैर संपते.

ऑस्टेनबाई स्वतः त्या काळात जगत होत्या. त्या काळाची गोष्ट सांगणारी आजची रंजक कादंबरी रूढ केली ती जॉर्जेट हेयर या लेखिकेने, 1935 सालच्या ‘रीजन्सी बक’पासून. पुढच्या लेखकांनी कॉलिन्सचा वारसाहक्क आणि डार्सीचे भांडण या दोन्ही गोष्टी एकाच नायकाच्या अंगी आणल्या, आणि समाईक मृत्युपत्राची युक्ती योजली. या युक्तीमागे मोठी खोच आहे. कायद्याने स्त्रीला जे दिले नव्हते ते लेखक मृत्युपत्राच्या एका कलमाने देऊन टाकतो : निम्मा वाटा. आता नायक तिला घराबाहेर काढू शकत नाही. तिच्या संमतीशिवाय झाड तोडता येत नाही, कूळ बदलता येत नाही. बोलणे भाग पडते. एखादा आश्रित मनातून द्वेष करीत असला तरी तोंडावर गोडच बोलतो. उघड भांडायला बरोबरी लागते, आणि उघड भांडता येते तिथेच पुढे खरे बोलता येते.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर शेक्सपिअरच्या ज्या नाटकावरून आपल्याकडे ‘त्राटिका’ झाले ते पाहावे. तिथेही वैरापासून लग्नापर्यंत प्रवास आहे. पण मूळ नाटकातला नायक आधी हुंड्याची चौकशी करतो. 20,000 मोहरा रोख आणि बापाच्या मागे निम्मी जमीन, एवढे ठरल्यावर तो त्या मानी मुलीला उपाशी ठेवून, झोपू न देऊन वठणीवर आणतो. प्रेक्षक हसतात. पण दोन्ही पक्ष बदलले तर मनोमीलन म्हणावे. एकच पक्ष वाकला तर त्याला टाळेबंदी म्हणतात.

आता आपल्या घरात येऊ. विवाह आणि मालमत्ता यांची गाठ कोर्टात सोडवावी लागली, असा मुंबईचा गाजलेला खटला रखमाबाईंचा. त्यांचा जन्म 1864 सालचा. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आईने पुनर्विवाह करताना पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या माहेरीच राहिल्या आणि मोठेपणी त्यांनी सासरी नांदायला नकार दिला. दादाजींनी 1884 साली दावा लावला. आपल्याला दूर ठेवण्यामागे त्या मालमत्तेचा लोभ आहे, असा त्यांचा आरोप. 1885 साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि 1887 साली न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला, की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, असे रखमाबाईंनी कळवले. शेवटी 1888 साली 2,000 रुपयांवर तडजोड झाली. त्या विलायतेत डॉक्टरी शिकल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. 1955 साली त्या वारल्या.

ही प्रेमकथा नव्हे, हे उघड आहे. पण प्रेमकथेला लागणारी पहिली अट कोणती ते या खटल्याइतके स्पष्ट कोणी सांगितलेले नाही. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क ज्याला नाही, त्याच्या ‘हो’ला किंमत नाही. रखमाबाईंना ‘नाही’ म्हणता आले, त्यात शिक्षणाचा आणि धैर्याचा भाग होता, तसा पाठीशी असलेल्या माणसांचा आणि चार पैशांचाही होता.

आपल्याकडे वारस आपसांत लग्न करीत नाहीत, असेही नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत होती. इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात तिचा विचार केला आहे. 1955 सालच्या हिंदू विवाह कायद्याने बहीण-भावाच्या मुलांचा विवाह निषिद्ध धरला, पण जिथे तशी रूढी आहे तिथे मोकळीक ठेवली. आता गंमत पाहा. पूर्वी बहिणीला जमिनीत वाटा नसे, म्हणून आतेभाऊ हा वाटेकरी नव्हता, नुसता जावई होता. 1956 सालच्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने बसवले. त्या दिवसापासून मामाची मुलगी आणि आतेभाऊ हे एकाच आजोबांच्या जमिनीचे दोन वाटेकरी झाले. इंग्रज लेखकाला मृत्युपत्र कल्पावे लागले. आपल्याकडे ते काम संसदेने केले.

मात्र 1956 साली काम पुरे झाले नव्हते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क मुलालाच होता. राहत्या घराची वाटणी तर पुरुष वारसांनी ठरवीपर्यंत स्त्री वारसाला मागताच येत नव्हती. महाराष्ट्राने 1994 साली, ज्यांची लग्ने तोवर झाली नव्हती अशा मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला. 2005 साली देशभर सर्व मुलींना तो मिळाला आणि राहत्या घराबद्दलची अडवणूकही रद्द झाली. त्या वेळी बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले.

कायदा येथवर आला. घर येथवर आले काय? महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनी गेल्या, मोबदल्याची वेळ आली, की मुंबईतल्या आणि सासरच्या बहिणींची आठवण होते. ती बहुधा सहीसाठी होते. हक्कसोड पत्र तयार असते. “ताई, तुला काय कमी आहे? माहेर तुटायला नको,” एवढे एक वाक्य बोलले जाते आणि ताई सही करते. कोणी खुशीने केली तर तिचा तो अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुष्कळ वेळा हा सौदा असतो : वाटा दे, मग माया मिळेल. प्रेमाचे भाडे आगाऊ वसूल केलेले असते.

ज्या कादंबऱ्यांना आपण उनाड वाचन म्हणतो, त्या हा क्रम उलटा सांगतात. वाटा आधी, माया नंतर. सातबाऱ्यावर दोघांचे नाव कायम आहे. गळके छप्पर दोघांनी मिळून शाकारायचे आहे. हिशेबाची वही दोघांच्या पुढे उघडी आहे. काम करताना एकाला दुसऱ्याचे कष्ट दिसतात. मग एक क्षण येतो, की एकाला सर्वच्या सर्व गिळता येईल अशी संधी मिळते आणि तो ती सोडतो. कादंबरीतला हा क्षण खोटा वाटला तर सगळी गोष्ट खोटी पडते. मी वाटाघाटींत हे पाहिले आहे. व्यवस्थापक संघटनेला प्रथम मान देतो तो भाषण ऐकून देत नाही. कारखाना बंद पाडण्याची ताकद असताना तिने तो चालू ठेवला, हे दिसल्यावर देतो.

या कथांचा एक दोषही सांगितला पाहिजे. वाडा कोणाच्या घामावर उभा आहे, हे त्या क्वचितच सांगतात. त्याच रीजन्सीत यंत्रे फोडणाऱ्या विणकरांना 1812 च्या कायद्याने फाशीची शिक्षा ठेवली होती. आपल्याकडे खोतीचे वाटेकरी आपसांत भांडत आणि धारा कुळाला भरावा लागे. 1949 सालच्या कायद्याने खोती गेली तेव्हा तो जाच सुटला. दोन मालकांचा समेट झाला म्हणजे घरात न्याय झाला, असे कोणी समजू नये.

तेव्हा अशी गोष्ट वाचाल, नाटकात किंवा पडद्यावर पाहाल, तेव्हा शेवटच्या पानावर एक प्रश्न विचारा : लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिचा वाटा तिच्याच नावावर आहे ना? असेल तर ती प्रेमकथा. नसेल तर ते खरेदीखत, त्याला फुलांचा हार घातला आहे इतकेच. आणि हाच प्रश्न आपापल्या घरच्या सातबाऱ्यालाही विचारा. बहिणीचे नाव लावून घ्या, वही तिच्यापुढे उघडा, मग भांडायचे तर खुशाल भांडा. अशा भांडणातून माहेर तुटत नाही. ते प्रथमच तिच्या हक्काचे होते.